सॅट परीक्षेतील वाचन-आकलन आणि खासगी शिकवणी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अमेरिकेतील महाविद्यालयांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने 'सॅट' किंवा 'एसीटी' यांपैकी एखादी प्रमाणित चाचणी देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाली. या चाचण्यांतील गणिताची तयारी करून घेता येते, हे कोणत्याही पालकाला सहज पटते. सूत्रे असतात, रीती असतात, सरावाने हात बसतो. वाचनाचे तसे नाही. दहा-अकरा वर्षे शाळेत वाचतच आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला आठ-दहा आठवड्यांत 'वाचायला' शिकविणे म्हणजे नेमके काय शिकविणे? हा प्रश्न वरवर अध्यापनशास्त्राचा दिसतो. अमेरिकेत मात्र त्याने चाचणीची रचना, तिचे नाव आणि तिचा सामाजिक अर्थ या तिन्ही गोष्टी बदलण्यास हातभार लावला. प्रस्तुत लेखात वाचन-आकलनाच्या शिकवणीचा हा इतिहास तपासला आहे. शालान्त परीक्षेतील 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' या प्रश्नाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला तो सर्वस्वी परका वाटू नये.

अभियोग्यतेची संकल्पना आणि उतारा

'कॉलेज बोर्ड' या संस्थेची स्थापना १९०० मध्ये झाली व तिच्या पहिल्या परीक्षा १९०१ मध्ये घेण्यात आल्या. त्या निबंधवजा, नेमलेल्या अभ्यासक्रमावर आधारलेल्या होत्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यभरतीसाठी वापरलेल्या बुद्धिमापन चाचण्यांनी या विचाराला वेगळे वळण दिले. त्या कामात सहभागी असलेले प्रिन्स्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' तयार झाली व २३ जून १९२६ रोजी ती ८,०४० विद्यार्थ्यांनी दिली. दीड तासाहून थोड्या अधिक वेळात ३१५ प्रश्न सोडवावयाचे होते. नऊ उपचाचण्यांपैकी एक परिच्छेदवाचनाची होती.

'ॲप्टिट्यूड' म्हणजे अभियोग्यता, हा शब्द येथे कळीचा आहे. जे शिकविले ते मोजणारी ती संपादन-चाचणी. शिकण्याची उपजत वा दीर्घकाळात घडलेली क्षमता मोजते ती अभियोग्यता-चाचणी, असा हा भेद होता. ब्रिगम यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात स्थलांतरितांच्या वंशगटांची बुद्धिमत्तेनुसार प्रतवारी लावली होती. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार असल्याचे मान्य केले. परंतु शब्द टिकला. १९४७ च्या अखेरीस 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' (पुढे ईटीएस) स्थापन होऊन चाचणीची जबाबदारी तिच्याकडे गेली, तेव्हाही चाचणीच्या नावातील अभियोग्यता कायम होती. अभियोग्यता मोजली जात असेल, तर शिकवणीने गुण वाढता कामा नयेत. आणि गुण वाढत असतील, तर मोजली जाते ती अभियोग्यता नव्हे. पुढील अर्धशतकाचा वाद या पेचातून निर्माण झाला.

ब्रुकलिनमधील तळघर

या पेचाकडे सर्वप्रथम व्यावसायिक दृष्टीने पाहणारा शिक्षक म्हणजे स्टॅन्ली कॅप्लन (१९१९-२००९). न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ज्यू स्थलांतरित कुटुंबातील हा मुलगा सिटी कॉलेजचा पदवीधर होता. उत्तम गुण असूनही वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला प्रवेश नाकारला. त्या काळी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर अनेक संस्थांत अघोषित मर्यादा होत्या आणि सार्वजनिक महाविद्यालयाची पदवी कमी प्रतीची समजली जाई. कॅप्लन यांनी १९३८ पासून आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या घेण्यास प्रारंभ केला होता. १९४६ मध्ये एका शालेय विद्यार्थ्याने त्यांच्याकडे सॅटसाठी साहाय्य मागितले. नमुना प्रश्न पाहताच, वर्गात आपण जे शिकवितो त्याचीच येथे परीक्षा आहे, हे त्यांनी ओळखले.

सॅटच्या शाब्दिक विभागात तेव्हा विरुद्धार्थी शब्द, समसंबंध (शब्दजोड्यांतील साधर्म्य), वाक्यपूर्ती आणि वाचन-आकलन असे प्रकार असत. यांपैकी पहिल्या तिहींचा आधार शब्दसंग्रह होता आणि शब्द पाठ करता येतात. परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून, आठवणारे प्रश्न त्यांच्याकडून काढून घेण्याची युक्तीही कॅप्लन यांनी वापरली. विशेष असे की, कॅप्लन चाचणीचे विरोधक कधीच नव्हते. आडनाव व पत्ता न पाहणारी चाचणी त्यांच्यासारख्यांना उपकारकच ठरली असती, अशी त्यांची धारणा होती. चाचणी घेणाऱ्यांना मात्र हा मनुष्य उपद्रवी वाटे. कॉलेज बोर्डाने १९६५ मध्ये पुस्तिका काढून शिकवणीचा परिणाम नगण्य असल्याचे प्रतिपादन केले.

शिकवणीने गुण वाढतात काय ?

१९७० च्या दशकात अमेरिकन केंद्र शासनाच्या 'फेडरल ट्रेड कमिशन' या ग्राहकहित पाहणाऱ्या यंत्रणेने शिकवणी वर्गांची चौकशी आरंभली. वर्गांच्या जाहिराती खोट्या आहेत काय, हे तपासणे हा मूळ उद्देश होता. १९७९ च्या अहवालातून वेगळेच काही बाहेर आले. तपासलेल्या दोन वर्गांपैकी एकाचे विद्यार्थी शाब्दिक व गणिती अशा दोन्ही विभागांत प्रत्येकी सुमारे २५ गुण अधिक मिळवीत होते. तेही प्रामुख्याने शाळेतील प्रगतीच्या मानाने चाचणीत मागे पडणारे विद्यार्थी. २०० ते ८०० या मापनश्रेणीत २५ गुण फार नव्हेत. परंतु शून्यही नव्हेत, आणि अधिकृत भूमिका जवळजवळ शून्याची होती. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने परीक्षेनंतर प्रश्न व उत्तरे उघड करणे बंधनकारक करणारा कायदा केला. विद्यार्थ्यांच्या स्मरणावर विसंबण्याची गरज संपली.

ईटीएसचे संशोधक सॅम्युएल मेसिक यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्यासह उपलब्ध अभ्यासांचा फेरआढावा घेतला. शिकवणीचे तास वाढवीत गेल्यास लाभ उत्तरोत्तर घटतो आणि २०-३० गुणांपलीकडे जावयाचे तर पूर्णवेळ शाळेइतकाच वेळ द्यावा लागेल, असे त्यांना आढळले. पुढे डेरेक ब्रिग्ज यांनी २००१ मध्ये राष्ट्रव्यापी नमुन्याच्या आधारे केलेल्या विश्लेषणात शिकवणीचा परिणाम गणितात १४-१५ गुण, तर शाब्दिक विभागात अवघा ६-८ गुण इतका आढळला. म्हणजे ज्या विभागासाठी पालक सर्वांत अधिक धास्तावलेले, तेथेच शिकवणी सर्वांत दुबळी. हे आकडे सरासरीचे आहेत, हे खरे. परंतु शेकडो गुणांच्या वाढीची हमी देणाऱ्या जाहिरातींशेजारी ते ठेवून पाहिले पाहिजेत.

उतारा न वाचता उत्तर

१९८१ मध्ये जॉन कॅट्झमन यांनी 'द प्रिन्स्टन रिव्ह्यू' सुरू केले. नावात प्रिन्स्टन असले तरी त्या विद्यापीठाशी या संस्थेचा संबंध नाही. ॲडम रॉबिन्सन यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेले 'क्रॅकिंग द सॅट' हे पुस्तक शिकवणीच्या इतिहासातील एक टप्पा मानावे लागेल. कॅप्लन विषय शिकवीत; हे दोघे परीक्षा शिकवीत. 'जो ब्लॉग्ज' नावाचा एक काल्पनिक सामान्य विद्यार्थी त्यांनी उभा केला. कठीण प्रश्नात त्याला जो पर्याय चटकन आवडेल तो हमखास चुकीचा, म्हणून तो आधी खोडावा, अशी ही रीत होती.

वाचनाच्या उताऱ्यांनाही त्यांनी अशीच कसोटी लावली. प्रश्नपत्रिकेत अल्पसंख्य समाजाविषयीचा एक उतारा बहुधा असतो व त्याचा सूर नेहमी गौरवाचाच असतो. तेव्हा निंदाव्यंजक पर्याय न वाचताच बाद करावा, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाई. उताऱ्याऐवजी उतारा निवडणाऱ्या संस्थेचे मन वाचावयाचे, हे यामागील सूत्र. त्यात चातुर्य होते हे नाकारता येत नाही. हे वाचन होते काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

शिकवणीचालकांचा हा आत्मविश्वास सर्वस्वी पोकळ नव्हता, याचे प्रमाण विद्यापीठीय संशोधनातूनच मिळाले. स्टुअर्ट कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये काही विद्यार्थ्यांना सॅटमधील उतारे न देता केवळ त्यांवरील प्रश्न सोडवावयास दिले. पाच पर्यायांतून अंदाजाने २० टक्के उत्तरे बरोबर यावीत; प्रत्यक्षात विद्यार्थ्यांनी त्याहून बरीच अधिक मिळविली. प्रश्नाची भाषा, पर्यायांतील विसंगती आणि सामान्य ज्ञान यांवरून उत्तराचा माग लागत होता. आकलनाची म्हणून ओळखली जाणारी चाचणी काही अंशी अन्य कशाचीतरी होती.

यानंतरच्या फेररचना पाहिल्या की चाचणी शब्दांकडून उताऱ्याकडे सरकत गेल्याचे दिसते. १९९४ पूर्वी शाब्दिक विभागातील ८५ पैकी २५ प्रश्न उताऱ्यांवर असत. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द वगळण्यात आले आणि हे प्रमाण ७८ पैकी ४० झाले. त्याच सुमारास नावातील 'ॲप्टिट्यूड' जाऊन 'असेसमेंट' आले, आणि पुढे सॅट ही अक्षरे कशाचीच आद्याक्षरे नाहीत असे ठरले. फेब्रुवारी २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी एका महागड्या खासगी शाळेत बारा वर्षांची मुले सॅटसाठी समसंबंध गिरवीत असल्याचे पाहून या चाचणीची सक्ती सोडण्याचा प्रस्ताव मांडला. एवढ्या मोठ्या ग्राहकाचा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. २००५ पासून समसंबंध गेले, विभागाचे नाव 'क्रिटिकल रीडिंग' झाले आणि ६७ पैकी ४८ प्रश्न उताऱ्यांवर आले.

शाळेच्या वर्गात आलेली शिकवणी

आतापर्यंतचा वृत्तान्त शुल्क भरू शकणाऱ्यांचा आहे. शुल्क न भरू शकणाऱ्यांसाठी 'अपवर्ड बाउंड' ही केंद्रीय योजना १९६५ पासून होती. अल्प उत्पन्न गटातील मुलांना शिकवणी व प्रवेशविषयक मार्गदर्शन त्यातून मिळे. परंतु प्रश्नाची व्याप्ती खऱ्या अर्थाने वाढली ती २००१ मध्ये. त्या वर्षी इलिनॉय व कोलोराडो या राज्यांनी अकरावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एसीटी देणे आवश्यक केले. १९५९ मध्ये आयोवा येथे सुरू झालेली ही चाचणी सॅटची प्रतिस्पर्धी. तिच्या वाचन विभागात तेव्हा ३५ मिनिटांत चार उतारे व ४० प्रश्न असत. एका उताऱ्यास नऊ मिनिटेही नाहीत. आता महाविद्यालयाचा विचारही न केलेली मुले या घड्याळासमोर बसली आणि सरकारी शाळेतील शिक्षक आपोआप शिकवणीचालक झाले.

शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी २००८ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांतील या तयारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरावीचे शिक्षक नियमित तासांचा मोठा भाग सराव-प्रश्नांत घालवीत होते. ज्या शाळांत सुमारे ४० टक्के वेळ चाचणीच्या तयारीला दिला जाई, तेथील एसीटी गुण २० टक्क्यांहून कमी वेळ देणाऱ्या शाळांपेक्षा किंचित कमीच होते. गुणांचा संबंध सरावापेक्षा नेहमीच्या अध्यापनाच्या दर्जाशी अधिक होता. या निष्कर्षातील विषाद लक्षात घ्यावा लागतो. श्रीमंत घरातील मुलगी शाळेत कादंबऱ्या व निबंध वाचून सायंकाळी शिकवणीला जाई. शिकागोतील मुलाचे वाचनाचे तासच शिकवणीने गिळले. दोघांनाही 'तयारी' मिळत होती, आणि शब्द एकच असल्यामुळे विषमता कमी झाल्याचा भास होत होता.

वाचनाच्या चांगल्या शिकवणीत प्रत्यक्षात काय घडते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. पर्याय झाकून प्रथम स्वतःचे उत्तर तयार करणे. त्या उत्तराला आधार देणारी ओळ उताऱ्यात बोटाने दाखविणे. 'सर्व', 'कधीही नाही' अशा टोकाच्या शब्दांचे पर्याय तपासून पाहणे. आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण वहीत नोंदविणे. यांत चमत्कार कोणताच नाही. किंबहुना, कोणताही सजग भाषाशिक्षक हेच करतो. फरक इतकाच की, तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या चुकीजवळ थांबता येत नाही, शिकवणीत येते.

मोफत सराव आणि आखूड उतारे

मार्च २०१४ मध्ये कॉलेज बोर्डाचे अध्यक्ष डेव्हिड कोलमन यांनी नव्या सॅटबरोबरच 'खान अकॅडमी'च्या सहकार्याने मोफत सरावाची घोषणा केली. सलमान खान यांनी २००४ मध्ये दूर राहणाऱ्या चुलत बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकविण्यातून या संस्थेचा उगम झाला; म्हणजे मुळात तीही एक घरगुती शिकवणीच. २०१६ च्या सॅटमध्ये वाचनाचे ५२ प्रश्न पूर्णतः उताऱ्यांवर होते, आणि एका उत्तराला कोणत्या ओळीचा आधार आहे असे विचारणारे प्रश्नही त्यांत आले. चांगल्या शिकवणीतील बोट जणू प्रश्नपत्रिकेतच उमटले. २०१७ मध्ये बोर्डाने जाहीर केले की, वीस तास मोफत सराव करणाऱ्यांच्या एकूण गुणांत सरासरी ११५ ची वाढ दिसली, सराव न करणाऱ्यांत ६० ची. या तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. उद्यमी विद्यार्थीच अधिक सराव करतात. परंतु १९६५ ची पुस्तिका काढणारी संस्थाच शिकवणीचे लाभ आकड्यांत सांगू लागली, हे इतिहासाच्या दृष्टीने नोंदविण्यासारखे आहे.

मार्च २०२४ पासून अमेरिकेत सॅट संगणकावर होते. दीर्घ उतारे गेले असून २५ ते १५० शब्दांच्या प्रत्येक उताऱ्यावर एकच प्रश्न असतो. एसीटीने २०२५ मध्ये लांब उतारे राखून ४० मिनिटांत ३६ प्रश्न केले. भारतात २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटी परीक्षेतही मराठीसह तेरा भाषांत वाचन-आकलन तपासले जाते, हे येथे जाता जाता नमूद करावयास हवे.

दरम्यान २०२० च्या महामारीत बहुतेक अमेरिकन महाविद्यालयांनी गुण सादर करणे ऐच्छिक केले होते. डार्टमथ महाविद्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणी पुन्हा आवश्यक केली, ती तेथील अध्यापकांच्या एका अभ्यासाच्या आधारे. अल्प उत्पन्न गटातील अनेक अर्जदारांनी आपले गुण कमी समजून कळविलेच नव्हते. प्रवेश समिती त्यांच्या शाळेची व परिस्थितीची पार्श्वभूमी लक्षात घेऊन गुण पाहते. कळविले असते, तर त्याच गुणांनी त्यांची प्रवेशाची शक्यता वाढली असती. हे सांगणारे कोणी त्यांच्याजवळ नव्हते.