मोर्सची कळ: दुखऱ्या मनगटापासून दोन पात्यांच्या पॅडलपर्यंत

१४ जुलै २०१३ च्या रात्री भारतात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून देशाची तारसेवा इतिहासजमा झाली. त्या रात्री तारघरांसमोर रांगा लावणाऱ्यांच्या मनात ‘कट्ट कडकट्ट’ असा नाद होता. प्रत्यक्षात त्या तारा संगणकावरून जात होत्या. मोर्सची कळ तारखात्यातून त्याआधीच निवृत्त झाली होती. ती पूर्णपणे नाहीशी मात्र झाली नाही. हौशी रेडिओ म्हणजे हॅम रेडिओच्या जगात ती आजही रोज वापरात आहे. फरक एवढाच की आजच्या हॅमच्या टेबलावरील कळ बहुधा वरखाली दाबण्याची नसते. तिला आडवी हलणारी दोन पाती असतात आणि तिला ‘पॅडल’ म्हणतात. उभी कळ आडवी का झाली, एका पात्याची दोन का झाली आणि या बदलात माणसाच्या हाताचे नेमके किती श्रम वाचले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याच्या उत्तरात शरीरशास्त्र, यामिकी आणि थोडेसे गणितही दडलेले आहे.

एक तरफ, एक स्प्रिंग

२४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला अधिकृत संदेश पाठवला. त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी त्या काळात घडवलेली कळ म्हणजे एक लवचीक धातूची पट्टी होती: दाबली की विद्युतमंडल पूर्ण, सोडली की खंडित. पुढे तिला तरफेचे आणि स्प्रिंगचे रूप मिळाले. हीच ‘स्ट्रेट की’.

यंत्र सोपे होते, कारण सारे अवघड काम हाताकडे होते. आज प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये टिंब एक एकक, रेघ तीन एकके, एकाच अक्षरातील चिन्हांमधील अंतर एक एकक, दोन अक्षरांमधील अंतर तीन आणि दोन शब्दांमधील अंतर सात एकके असते. वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण धरतात. त्यापुढील मोकळ्या जागेसह तो बरोबर ५० एककांचा भरतो. म्हणून मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने एक टिंब ६० मिलिसेकंदांचे होते. एका सेकंदात साधारण आठ टिंबे, तीही सारख्या लांबीची आणि सारख्या अंतराची! स्ट्रेट कीमध्ये हा सारा हिशेब मनगटाने सांभाळायचा असतो.

भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ तारेवरून संदेश पाठवण्याचे प्रयोग केले होते. १८५१ मध्ये कलकत्ता–डायमंड हार्बर मार्ग कामकाजासाठी खुला झाला. आरंभी ओशॉनेसी यांनी सुईच्या हालचालीवरून संदेश वाचण्याचे स्वतःचे यंत्र वापरले. पण त्याच दशकात मोर्सची यंत्रे आली आणि पुढच्या कित्येक पिढ्या तारबाबूंचा हात या एकाच हालचालीत घडत गेला.

हाताचे दुखणे, कायद्याची दखल

दिवसभर, वर्षानुवर्षे तीच सूक्ष्म हालचाल करणाऱ्या हाताने अखेर बंड पुकारले. टिंबांच्या ओळीत एखादे जास्त पडू लागले, बोटे आखडू लागली, पुढचा हात जड होऊ लागला. अमेरिकी तारबाबूंनी या अवस्थेला ‘काचेचा हात’ असे नाव दिले होते. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारबाबूंचा हा पेटका नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत दाखल झाला. आज संगणकावर काम करणाऱ्यांना ज्या वारंवार ताणाच्या दुखण्याची धास्ती असते, त्याचा हा पूर्वज म्हणावा लागेल. ज्याचा हात गेला, त्याची नोकरी गेली. कळीच्या पुढच्या उत्क्रांतीमागे वेगाच्या हव्यासाइतकीच ही भीतीही होती.

उपायाची पहिली पायरी साधी होती: तरफ आडवी करा. १८८८ मध्ये अमेरिकेतील जेसी बनेल यांच्या कंपनीची दुहेरी वेगाची कळ पुढे आली. तिच्या तरफेच्या दोन्ही बाजूंना संपर्कबिंदू होते. अंगठा आणि बोट यांनी आळीपाळीने ती ढकलायची. मनगटाचे वरखाली होणे थांबले, श्रम दोन बाजूंत विभागले गेले. मात्र प्रत्येक टिंब आणि प्रत्येक रेघ अजून हातानेच करावी लागत होती.

टिंबे करणारा लंबक

दुसरी पायरी अधिक कल्पक होती. होरेस मार्टिन यांनी आधी विजेवर चालणारे एक यंत्र करून पाहिले आणि १९०४ मध्ये पूर्णपणे यांत्रिक अशा ‘व्हायब्रोप्लेक्स’ कळीचे पेटंट मिळवले. तिच्यात आडव्या तरफेला एक लवचीक पट्टी आणि तिच्या पुढे वजन लावलेली दांडी होती. अंगठ्याने तरफ ढकलली की दांडी थरथरू लागे आणि प्रत्येक कंपनाबरोबर एक टिंब उमटे. अंगठा धरून ठेवला तोवर टिंबांची माळ चालू. वजन पट्टीच्या जवळ सरकवले की कंपनाची वारंवारता वाढे, म्हणजे टिंबे जलद होत. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवला जाणारा दोलक येथे थेट कारकुनाच्या टेबलावर आला होता! या कळीला ‘बग’ असे नाव पडले आणि कंपनीने किड्याचे चित्रच आपले बोधचिन्ह केले.

बगला दोन मर्यादा होत्या. रेघा अजूनही एकेक करून हातानेच द्याव्या लागत. शिवाय वजन कितीही बाहेर सरकवले तरी बहुतेक बग नवशिक्याला झेपेल इतके सावकाश चालत नसत. त्यामुळे बग हे शिकण्याचे नव्हे, शिकून झाल्यावरचे साधन राहिले.

वेळ सांभाळणारे मंडल

तिसरी पायरी इलेक्ट्रॉनिक्सची. निर्वात नळ्यांच्या काळात, १९४० च्या आणि १९५० च्या दशकांत, हौशी मंडळींनी ‘कीअर’ नावाची मंडले बांधली. टिंब आणि रेघ दोन्ही मंडलच मोजून देते. हाताने फक्त ‘आता टिंब’ किंवा ‘आता रेघ’ एवढेच सांगायचे. एकदा सुरू झालेले चिन्ह मध्येच सोडले तरी मंडल ते पूर्ण करते. १९७० च्या दशकात जॉन कर्टिस यांच्या एकात्मिक चिपमुळे हे सारे एका बोटभर तुकड्यात मावले. आता बहुतेक नव्या प्रेषक-ग्राही संचांत कीअर आतच बसवलेला असतो.

याच टप्प्यावर पॅडलचे दोन प्रकार झाले. एकाच पात्याच्या पॅडलमध्ये अंगठ्याकडून टिंब, तर्जनीकडून रेघ; दोन्ही एकाच वेळी शक्य नाही. दोन पात्यांच्या पॅडलमध्ये दोन्ही बाजू एकदम दाबता येतात आणि मग कीअर आळीपाळीने टिंब-रेघ-टिंब-रेघ देत राहतो. या पद्धतीला ‘आयँबिक’ म्हणतात. नाव इंग्रजी छंदशास्त्रातून आले आहे: लघूमागून गुरू येणारा गण.

श्रम किती वाचले?

इंग्रजीची २६ अक्षरे आणि १० अंक एकेकदा पाठवायचे ठरवले, तर प्रत्येक साधनावर हाताच्या किती हालचाली लागतात हे कोणालाही कागदावर मोजता येते.

• स्ट्रेट की: १३२ (प्रत्येक चिन्हाला एक)
• बग: १०० (टिंबांच्या सलग माळेला एक, प्रत्येक रेघेला एक)
• एका पात्याचे पॅडल: ७३ (सलग सारख्या चिन्हांच्या गटाला एक)
• दोन पात्यांचे पॅडल: ६५

या चार आकड्यांत कळीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास सामावला आहे. मोठी बचत कुठे झाली हेही त्यांतून दिसते. स्ट्रेट कीवरून एका पात्याच्या पॅडलवर येताना ५९ हालचाली वाचतात; दुसरे पाते जोडल्याने आणखी फक्त ८. ही आठाची बचतही केवळ सात अक्षरांतून येते: सी, एफ, के, एल, क्यू, आर आणि वाय.

हीच सात का, याचे उत्तर मराठी वाचकाला वृत्तांच्या गणांत सापडेल. टिंबाला लघू आणि रेघेला गुरू म्हटले, तर तीन चिन्हांच्या आठ शक्यता म्हणजेच आपले आठ गण. मोर्समध्ये ते आठही वापरलेले आहेत: नगण म्हणजे एस, सगण म्हणजे यू, जगण म्हणजे आर, यगण म्हणजे डब्ल्यू, भगण म्हणजे डी, रगण म्हणजे के, तगण म्हणजे जी आणि मगण म्हणजे ओ. (साम्य क्रमाचे आहे, कालमापनाचे नाही, छंदात गुरू दोन मात्रांचा, तर मोर्सची रेघ तीन एककांची.) यांपैकी दर पावलाला बदलणारे गण दोनच: लघु-गुरु-लघु असा जगण आणि गुरु-लघु-गुरु असा रगण. दोन्ही पाती दाबून धरण्याचा लाभ मिळतो तो यांनाच. चार चिन्हांत संपूर्ण आळीपाळीचे अक्षर एकच, सी. उरलेली चार अक्षरे एक पाते धरून ठेवून दुसऱ्याला मध्येच हलकी टिचकी दिल्याने होतात.

हॅमची सर्वांना उद्देशून दिलेली हाक म्हणजे ‘सीक्यू’. स्ट्रेट कीवर तिला ८ हालचाली लागतात, एका पात्यावर ७, दोन पात्यांवर ४. भारतीय स्थानकांच्या ओळखचिन्हाच्या आरंभी येणारी ‘व्हीयू’ ही अक्षरे मात्र बग असो, एक पाते असो वा दोन, चार हालचालींतच होतात.

निवड कशी करावी?

दुसऱ्या पात्याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. आयँबिक कीअरच्या दोन पद्धती आहेत. ‘ए’ पद्धतीत दोन्ही पाती सोडली की चालू चिन्ह पूर्ण होऊन मंडल थांबते; ‘बी’ पद्धतीत ते त्यानंतर आणखी एक विरुद्ध चिन्ह देते. ‘ए’ची सवय झालेल्या हाताने ‘बी’वर ‘के’ पाठवला, तर शेवटी एक टिंब चिकटून त्याचा ‘सी’ होतो. म्हणून शिकताना आरंभीच एक पद्धत ठरवावी आणि संचातील जुळणी तपासून घ्यावी. दोन्ही पाती एकदम दाबणे जमत नसेल, तर दोन पात्यांचे पॅडल एका पात्यासारखे वापरण्यात कोणताही कमीपणा नाही. आठच हालचालींचा प्रश्न आहे.

बाकीच्या कसोट्या यामिकीच्या आहेत. आडवा धक्का बसला तरी सरकू नये म्हणून बैठक जड हवी. संपर्कबिंदूंमधील फट आणि परतीचा ताण स्क्रूने बारकाईने बदलता आला पाहिजे. ताण स्प्रिंगचा असो वा चुंबकाचा. डावखुऱ्यांसाठी टिंब-रेघेच्या तारा अदलाबदल करता येतात. विद्यार्थ्यांना महाग पॅडलची गरज नाही: करवतीच्या पात्याचे दोन तुकडे, काही स्क्रू, लाकडी ठोकळा आणि कीअरसाठी एक छोटा मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर काम भागते. प्रेषणासाठी परवाना लागतो. बझरवर सराव करण्यासाठी लागत नाही.

स्ट्रेट कीचे स्थानही संपलेले नाही. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने टिंब १५० मिलिसेकंदांचे असते आणि ते मनगटाला सहज झेपते. शिवाय लय प्रथम कानात आणि हातात बसली, तर पुढे कीअरने दिलेली लय ओळखता येते.

तरीही मोर्स कशासाठी?

भारतात हौशी रेडिओची परंपरा जुनी आहे. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी कलकत्त्यात दुतर्फा संपर्क साधला होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची परीक्षा घ्यावी की नाही हे प्रत्येक देशावर सोपवले आणि अनेक देशांनी ती काढून टाकली. १९९९ मध्ये समुद्रावरील संकटसंदेशांतूनही मोर्स निवृत्त झाला होता. सक्ती गेली तरी वापर उरला, कारण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. आवाजाला सुमारे २,४०० हर्ट्झची पट्टी लागते, मोर्सला सुमारे १५० हर्ट्झ पुरते. ग्राहीने तेवढीच अरुंद पट्टी उघडी ठेवली, तर सोळापट कमी गोंगाट आत येतो. म्हणजे १२ डेसिबलचा फायदा. काही वॉट शक्तीचा, घरी जोडलेला संच त्यामुळेच समुद्रापलीकडे ऐकू जातो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. मनोरे आणि केबल कोलमडतात तेव्हा अल्पशक्तीच्या साधनांचे मोल कळते ते असे.

१३२ पासून ६५ पर्यंतच्या या प्रवासात यंत्राने हाताकडून एकेक काम काढून घेतले: आधी टिंबांची लांबी, मग रेघांची, शेवटी त्यांची आळीपाळी. ऐकण्याचे काम मात्र अजून कानाकडेच आहे. पॅडल कोणतेही घेतले, तरी समोरच्याला समजेल इतक्याच वेगाने पाठवायचे, हा तारघरातला शिरस्ता आजही जसाच्या तसा लागू पडतो.

#विज्ञानाचा_इतिहास #हॅम_रेडिओ #मोर्स