वजन घटवण्यासाठी व्यायाम : बूट निवडताना काय पाहावे?

वजन कमी करण्याच्या निश्चयाने पहाटे फिरायला निघणाऱ्या अनेकांचा नेम काही आठवड्यांतच सुटतो. त्याचे खापर बहुधा आळसावर फोडले जाते. मात्र कित्येकदा खरे कारण दुखरी टाच, ठणकणारी नडगी किंवा सुजलेला गुडघा हे असते. कपाटात पडून असलेले जुने बूट किंवा रोजच्या वापरातली चप्पल घालून सुरुवात केली जाते आणि त्याची किंमत पायांना मोजावी लागते.

गोव्यासाठी हा विषय किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी नियमित चालण्याचा सल्ला येथे घरोघरी मिळतो. तो अमलात आणायचा, तर पाय शाबूत राहणे ही पहिली अट ठरते.

पावलावर पडणारा भार

चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाहून किंचित अधिक भार पायावर येतो. धावताना तो वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट होतो. म्हणजेच ९० किलो वजनाची व्यक्ती धावू लागली, तर दर पावलाला १८० ते २७० किलोंइतका भार टाच, घोटा आणि गुडघा यांना पेलावा लागतो. म्हणूनच वजन जास्त असलेल्यांनी आरंभी धावण्याऐवजी झपझप चालणे श्रेयस्कर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. त्यातील किमान मर्यादा आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालण्याने गाठता येते.

व्यायाम तसा बूट

चालणे आणि धावणे या पुढच्या दिशेने होणाऱ्या हालचाली आहेत. त्यांसाठीच्या बुटात टाचेखाली मऊ फोमचा थर असतो आणि बूट चवड्यापाशी सहज वाकतो. धावण्याचे बूट चालण्यासाठीही चालतात.

जिममध्ये वजने उचलताना मात्र हाच मऊपणा अडचणीचा ठरतो, कारण दबणाऱ्या फोमवर पाय डळमळतो. तेथे सपाट आणि टणक तळाचे बूट योग्य. झुंबा, एरोबिक्स किंवा बॅडमिंटन यांत पाय सतत आडवे सरकतात. धावण्याच्या उंच, मऊ तळाच्या बुटात अशा वेळी घोटा मुरगळण्याची भीती असते, म्हणून बाजूंनी आधार देणारे, रुंद तळाचे बूट घ्यावेत. योगासने आणि सूर्यनमस्कार यांना बुटांची गरजच नसते.

माप घेण्याची रीत

दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगतात, त्यामुळे बुटांची खरेदी संध्याकाळी करावी. व्यायामाच्या वेळी वापरायचे मोजे घालूनच बूट पायात चढवावेत. दोन्ही पाय क्वचितच समान असतात; मोठ्या पायाचे माप प्रमाण मानावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांच्यात अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बोटे आत मोकळी हलावीत, पण चालताना टाच वर सरकू नये.

वजन जास्त असलेल्यांचे पाय बहुधा रुंदही असतात. अशा वेळी लांबी वाढवून रुंदी साधण्याचा मार्ग चुकीचा आहे. पाय बुटात पुढे घसरतो आणि नखे काळी पडतात. त्याऐवजी रुंद साच्याचे बूट मागावेत. ‘वापरल्यावर सैल होतील’ या आश्वासनावर विसंबू नये. दुकानात चार-पाच मिनिटे चालून पाहावे. तेथेच चावणारा बूट रस्त्यावर अधिक चावतो.

हाताने करण्याच्या दोन परीक्षा सोप्या आहेत. बुटाचे टोक वर दाबले असता तो चवड्याच्या जागी वाकावा. मधोमध दुमडणारा बूट पायाला आधार देत नाही. टाचेमागचा कप दाबल्यावर लगेच चेपला जात असेल, तर तोही कच्चाच समजावा. ऑनलाइन खरेदी करताना कागदावर पाय ठेवून, पेन्सिलीने आकृती काढून लांबी मोजावी आणि त्या कंपनीच्या मापतक्त्याशी ताडून पाहावी. एकच क्रमांक सर्व कंपन्यांत सारखा बसत नाही.

जाहिरातींचे दावे

कोणताही बूट वजन घटवत नाही. पायांचे स्नायू सुडौल करण्याचा दावा करणारे बूट अमेरिकेत लोकप्रिय झाले होते. त्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप तेथील फेडरल ट्रेड कमिशनने घेतला. तडजोडीपोटी २०११ मध्ये रीबॉकने अडीच कोटी, तर २०१२ मध्ये स्केचर्सने चार कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

तळव्याच्या कमानीवरून बूट ठरवण्याचा सल्लाही सरसकट घेण्याजोगा नाही. दुखापत टाळण्यासाठी त्याचा फारसा उपयोग होत असल्याचे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. पायाला जो बूट आरामशीर वाटतो तो निवडणे, हा साधा निकष अधिक भरवशाचा मानला जातो. किंमत वाढली म्हणून सुरक्षितता त्याच पटीत वाढत नाही.

वाळू, पाऊस आणि दमटपणा

मिरामारसारख्या किनाऱ्यावर कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालण्यास कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. मात्र त्याचबरोबर पोटऱ्या आणि टाचेमागची शिर यांवर ताणही वाढतो. नवख्यांनी भरतीरेषेजवळच्या घट्ट, ओल्या वाळूवर किंवा सपाट रस्त्यावर सुरुवात करावी.

पावसाळ्यात भिजलेले बूट आतील गादी काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली सुकवावेत. कडक उष्णतेने डिंक सुटतो आणि फोम आक्रसतो. ओल राहिली, तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात. घाम लवकर सुकवणारे मोजे बरे. दमट हवेत वर्षानुवर्षे कपाटात राहिलेल्या पॉलियुरेथेनच्या तळांचा भुगा होतो. बूट दिसायला कोरे असले, तरी ते घालून थेट फिरायला जाऊ नये.

बदलण्याची वेळ

धावण्या-चालण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. रोज चार किलोमीटर याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस चालल्यास हे अंतर सहा ते नऊ महिन्यांत पूर्ण होते. वजन जास्त असेल, तर फोम त्याआधीही दबतो. टेबलावर ठेवलेला बूट एका बाजूला कलत असेल किंवा नव्याने टाच दुखू लागली असेल, तर वरचा भाग धडधाकट असूनही बूट बदलावा.

मधुमेहींनी घ्यायची काळजी

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. बूट चावल्याचे कळत नाही आणि लहानशा फोडाची जखम चिघळू शकते. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा वर आलेली शिवण नाही ना, हे पाहावे. मोजे फिकट रंगाचे असावेत, म्हणजे रक्ताचा डाग दिसतो. नवे बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच वापरावेत आणि नंतर तळवे, टाच व बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. अनवाणी वाळूत फिरणे टाळावे.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल, पायाला बधिरता असेल किंवा जखम आठवडाभरात भरत नसेल, तर नवे बूट शोधण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा. मधुमेहींनी जखमेसाठी आठवडाभरही थांबू नये. ती दिसताच उपचार घ्यावेत.