हरिश्चंद्र एक, चित्रपट अनेक

वर्तमानपत्रातल्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत चित्रपटाला जेमतेम एक ओळ मिळते: वेळ, नाव आणि जागा उरली तर नटनट्या. एकाच कथेवर अनेक चित्रपट निघालेले असले की एवढ्याने भागत नाही. एकाच्या नावाखाली दुसऱ्याची माहिती सहज छापली जाते. मराठीत या घोळाचे मूळ थेट पहिल्या चित्रपटापर्यंत जाते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले होते. कामाला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७ मध्ये फाळक्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली. त्याच वर्षी कलकत्त्यात चित्रपटनिर्माते मादन यांच्यासाठी रुस्तमजी धोतीवाला यांनी ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ काढला. फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटाचेही नाव अनेक ठिकाणी हेच दिले जाते. म्हणजे नाव आणि साल दोन्ही छापले, तरी चित्रपट कोणाचा हा प्रश्न उरतोच.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आज पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आहे. ‘भारताचा पहिला चित्रपट’ म्हणून पडद्यावर दिसणारी दृश्ये यातलीच. वीरचंद धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते मात्र ही रिळे १९१३ची नसून १९१७ची आहेत. संग्रहालयाच्या डब्यावरच वाद असेल, तर वर्तमानपत्राच्या ओळीला दोष किती द्यायचा?

बोलपटाने या घोळात भाषेची भर घातली. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, हरिश्चंद्राचीच कथा मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आणि हिंदीत ‘अयोध्या का राजा’ अशी काढली. दोन्हींत गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे असल्याने छायाचित्रावरून भाषा ओळखणे कठीण. प्रभातचाच ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ झाला ‘आदमी’. निराळ्या नावांमुळे इथे गोंधळ कमी. तरी १९४१च्या ‘शेजारी’ची भूमिकावली ‘पडोसी’ला जशीच्या तशी चालत नाही. मुस्लिम शेजारी मिर्झा दोन्हींकडे गजानन जागीरदारच, पण त्याचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते यांनी केला, तर हिंदीत मझहर खान यांनी.