खरीप : एका शब्दाचा प्रवास

मृग बरसला की ढाणकीच्या शिवारात जो तो खरिपाच्या मागे लागतो. कपाशी, तूर, सोयाबीन ही खरिपाची पिके. हरभरा, गहू रब्बीचे. हे दोन्ही शब्द अरबी आहेत हे पुष्कळांच्या कानी असते, पण त्यांचा मूळ अर्थ ऐकला की आपण चमकतो. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, आणि रबी म्हणजे चक्क वसंत!

खरीफच्या धातूचा अर्थ फळे तोडणे, वेचणे असा आहे. जर्मन भाषेतही नेमके असेच घडले. तेथे शरद ऋतूला हेर्ब्स्ट म्हणतात. इंग्रजी हार्वेस्ट हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांचेही मूळ कापणी-तोडणीत आहे. इंग्रजांनी त्यातली कापणी ठेवली नि ऋतू सोडला, जर्मनांनी ऋतू ठेवला. तरी नैऋत्य जर्मनीच्या मळ्यांत द्राक्षांच्या तोडणीला हेर्ब्स्ट म्हणण्याची रीत आहेच.

आमच्याकडे खरीप आला तो दफ्तरातून. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे ज्याच्या नावातच वसंत आहे तो रबिलावल महिनाही सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. अशा पंचांगावर शेतसारा कसा वसूल व्हावा? म्हणून पिकांच्या मानाने चालणारे फसली साल आले. दख्खनेत ते मृगाला सुरू होई. फसली दोन, खरीफ आणि रबी. सतराव्या शतकात शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण शेतकऱ्याच्या तोंडचा खरीप काही हलला नाही. आम्हांला यात वावगे वाटत नाही. ज्याच्या नावाने सारा भरायचा, तो शब्द कुणब्याने आपलासा केला.

मात्र अर्थ उलटा झाला. अरबांचा वेचणीचा काळ, तो आमच्या पेरणीचा हंगाम ठरला. शरदात बायका कपाशी वेचायला वावरात उतरतात, तेव्हा कोठे तो शब्द आपल्या जुन्या अर्थाला भेटतो.

दफ्तराने मात्र त्याला सोडलेले नाही. महसुली कागदांत गावेच खरिपाची आणि रब्बीची अशी वाटलेली असतात, आणि पैसेवारी काढायची ती त्या-त्या हंगामाची. ती ५० पैशांच्या आत आली की साऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती अशा सवलतींचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ती जाहीर व्हायच्या दिवसांत खरीप हा शब्द तलाठ्याच्या तोंडून ऐकायला अख्खे गाव थांबलेले असते.