नोंदवही वाचणारं यंत्र

तुम्ही बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिरलात की कुठल्या तरी सर्व्हरवर एक ओळ उमटते: कोण, कधी, कुठून. या नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार भारतात कंपन्यांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. जपता येतात, पण वाचणार कोण?

हा प्रश्न जुना आहे. १९८० साली अमेरिकेत जेम्स अँडरसन यांनी एका सरकारी ग्राहकासाठी अहवाल लिहिला. नोंदींचे ढीग माणसाला उपसता येणार नाहीत, संगणकानेच त्यातून संशयास्पद वापर निवडून द्यावा, असा त्याचा रोख होता. १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी या कल्पनेला गणिती रूप दिलं: प्रत्येकाची नेहमीची वागणूक संगणकाने शिकायची आणि कुणी त्याहून वेगळं वागलं की इशारा द्यायचा. आजच्या एआय-सुरक्षेच्या मुळाशी हाच विचार आहे.

मग २०१३ उजाडलं. टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीला सप्टेंबरमध्ये कार्ड-सुरक्षेचे नियम पाळल्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ३० नोव्हेंबरला नव्याने बसवलेल्या यंत्रणेने घुसखोरीचा इशारा दिला. बंगळुरूतल्या पथकाने तो पाहून मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे तो तातडीचा नाही, असं ठरलं. १२ डिसेंबरला सरकारी तपासयंत्रणेने सांगितल्यावर कंपनी हलली. या चोरीत एकूण सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

प्रमाणपत्र होतं. इशाराही होता. इशाऱ्यावर कारवाई मात्र झाली नाही.

आता एआय नियम आणि नोंदी ताडून पाहतं, ऑडिटसाठी पुरावे जमवतं, अहवालाचा मसुदाही लिहून देतं. हे काम खरंच उपयोगाचं आहे. माणसाचे कित्येक दिवस वाचतात. पण याच यंत्रामुळे कागद इतके नीटनेटके होतात, की सगळं सुरक्षित आहे असं वाटू लागतं.

सर्ट-इनच्या त्याच आदेशात आणखी एक अट आहे: हल्ला लक्षात आल्यापासून, किंवा लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत कळवायचा. टार्गेटमध्ये यंत्राने इशारा दिल्यावर १२ दिवस गेले. म्हणून एआय घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आधी एवढंच लिहून ठेवावं: रात्री दोन वाजता यंत्राने हाक मारली, तर उठणार कोण, आणि सर्व्हर बंद करायचा अधिकार त्याच्याकडे असेल का?