शेजारी कीं सावकार?

शेजाऱ्याच्या घराला आग लागली असतां आपली पाण्याची नळी देण्यापूर्वीं कोणी तिची किंमत मागत बसत नाहीं. आग विझल्यावर नळी परत मिळाली म्हणजे झालें. हा दाखला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं १७ डिसेंबर १९४० रोजीं वार्ताहरांपुढें दिला. ब्रिटन तेव्हां जर्मनीशीं झुंजत होतें आणि त्याची डॉलरांची थैली रिती होत आली होती. रूझवेल्ट चित्रकार नव्हते. परंतु त्यांनीं शब्दांनीं काढलें तें एक व्यंगचित्रच होतें.

तें काढणें त्यांना भाग होतें. कारण एक जुनें चित्र लोकांच्या मनांतून पुसलें गेलें नव्हतें. पहिल्या महायुद्धांत व त्यानंतर अमेरिकेनें युरोपीय राष्ट्रांना सुमारें १,००० कोटी डॉलर कर्जाऊ दिले. वसुलीची वेळ आली तेव्हां उंच टोपीचा, बोकडदाढीचा ‘अंकल सॅम’ युरोपच्या वर्तमानपत्रांत ‘अंकल शायलॉक’ झाला; शेक्सपिअरच्या नाटकांतील, रत्तलभर मांसासाठीं सुरी पाजळणारा सावकार! युरोप म्हणे, आम्हीं रक्त दिलें. अमेरिका म्हणे, आम्हीं पैसा दिला. अखेर १९३४ सालीं कर्ज थकविणाऱ्या राष्ट्रांना अमेरिकेंत नवें कर्ज उभारण्यास कायद्यानें बंदी झाली.

म्हणून १९४१ च्या आरंभीं पुढें आलेल्या विधेयकांत रोकड कर्जाचें नांव नव्हतें. माल उसना किंवा भाड्यानें द्यावयाचा होता. त्यावरून त्याला ‘लेंड-लीज’ म्हणत. सिनेटर टॅफ्ट यांनीं नळीच्या चित्राला दुसरें चित्र जोडलें: युद्धसामग्री उसनी देणें म्हणजे च्युइंगगम उसना देणें, चघळलेला परत कोण घेईल? विधेयक प्रतिनिधिगृहांत २६० विरुद्ध १६५, तर सिनेटमध्यें ६० विरुद्ध ३१ मतांनीं संमत झालें आणि ११ मार्च रोजीं त्यावर सही झाली.

वाद मात्र मिटला नाहीं. पुढें बालवाङ्मयांत ‘डॉ. स्यूस’ या नांवानें प्रसिद्धि पावलेल्या थिओडोर गायझेल यांनीं त्याच एप्रिलांत न्यूयॉर्कच्या ‘पी. एम्.’ या दैनिकांत युद्धापासून अलिप्त राहूं पाहणाऱ्यांची थट्टा केली. त्यांच्या चित्रांत लोक रांगेनें शहामृगाच्या मुंडक्याच्या टोप्या चढवून घेतात. हिटलरमुळें उठणाऱ्या डोकेदुखीवर तो उतारा!

खरें कोणतें चित्र ठरलें? युद्ध संपेपर्यंत सर्व मित्रराष्ट्रांना मिळून सुमारें ५,००० कोटी डॉलरांचा माल गेला. ब्रिटननें वापरून संपविलेल्या मालाची किंमत अमेरिकेनें मागितली नाहीं. तितक्यापुरता तो शेजारी ठरला. परंतु शिल्लक व वाटेंतील मालाचा हिशेब ६५ कोटी डॉलरांवर तुटला, आणि डिसेंबर १९४५ च्या करारानें ३७५ कोटींचें नवें कर्ज दोन टक्के व्याजानें ब्रिटनच्या माथीं आलें. त्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फिटला. आग विझून तेव्हां एकसष्ट वर्षें लोटलीं होतीं.

व्यंगचित्र देणाऱ्याचा स्वभाव दाखवितें, पण त्याची वही दाखवीत नाहीं. चित्र पाहून हंसावें, चिडावें. मात्र निवाडा करण्यापूर्वीं ती वहीहि उघडून पाहावी.