फीबी: शनीच्या घरचा परका चंद्र

हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी खडकाच्या अरुंद चिरेत शिरतं, कोंडतं आणि एकदम उंच उसळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा जोर पाहावा. समुद्राला असा हलवणारा आपला चंद्र पृथ्वीशी रक्ताच्या नात्याचा; कोवळ्या पृथ्वीवर झालेल्या प्रचंड टकरीच्या ढिगाऱ्यातून तो घडला, असं मानलं जातं. सगळ्याच चंद्रांचं कूळ असं घरचं नसतं. शनीच्या फीबीचं तर नाहीच.

ऑगस्ट 1898 मध्ये पेरूतल्या अरेकिपा इथल्या हार्वर्डच्या वेधशाळेत डिलाइल स्टुअर्ट यांनी शनीच्या परिसराची छायाचित्रं काचेच्या प्लेटांवर टिपली. विल्यम पिकरिंग यांनी त्या प्लेटा एकमेकींशी ताडून पाहिल्या. तारे जागच्या जागी होते, एक फिका ठिपका मात्र शनीच्या सोबतीने सरकला होता. मार्च 1899 मध्ये नवा चंद्र जाहीर झाला. छायाचित्रावरून सापडलेला हा पहिलाच चंद्र.

पुढे त्याची कक्षा मांडली गेली. शनीपासून सरासरी 1 कोटी 30 लाख किलोमीटर अंतर, एका फेरीला साधारण 550 दिवस, आणि फिरणं उलटं! ग्रहाभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत जन्मलेले चंद्र ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेनेच जातात. म्हणजे फीबी बाहेरून आला आणि शनीच्या ओढीत अडकला.

11 जून 2004 रोजी कॅसिनी यान त्याच्याजवळून गेलं. सुमारे 213 किलोमीटर रुंदीचा, विवरांनी भरलेला काळाकुट्ट गोळा. विवरांच्या उतारांवर मात्र उघडा पडलेला बर्फ चमकत होता. पाण्याच्या बर्फासोबत कार्बन डायऑक्साइडही सापडला. त्यावरून त्याचं मूळ गाव नेपच्यूनपलीकडे असावं, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं.

या परक्याने शनीच्या घरातलं एक जुनं कोडंही सोडवलं. 1671 मध्ये जिओव्हानी कॅसिनी यांना आयापेटस हा चंद्र शनीच्या पश्चिमेलाच दिसे, पूर्वेला गेला की दिसेनासा होई. त्याची एक बाजू काळी आहे, हे त्यांनी ताडलं. पण ती काळी का? 2009 मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला फीबीच्या कक्षेलगत विरळ धुळीचं अवाढव्य कडं दिसलं. फीबीवरून उडालेली ही धूळही उलटीच फिरते, म्हणून सुलट जाणाऱ्या आयापेटसच्या पुढच्या तोंडावर ती समोरून आदळते. काळवंडलेली बाजू उन्हाने जास्त तापते, तिथला बर्फ उडून जातो आणि काळेपणा वाढतच राहतो. ज्या उलट्या चालीने फीबीचं परकेपण उघड केलं, तिनेच शनीच्या एका जुन्या चंद्राचा चेहरा घडवला.